झुंबरराव मौले यांचे प्रथिनांवरील कार्य

झुंबरराव मौले एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावक विभागात होते. बाहेरून आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि तो पुढच्या टेबलावर सरकवायचा. आतून आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि तो बाहेर धाडायचा. कागदात काय लिहिलंय हे त्यांनी चौतीस वर्षांत एकदाही वाचलं नाही, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि भाषणात त्यांचं नाव दोनदा ‘अंबरराव’ असं घेतलं.

घड्याळ दोन महिन्यांत बंद पडलं. अंबरराव मात्र मनात टिकटिकत राहिला.

घर नाशिकला, मखमलाबाद रस्त्याला. मागे वडिलोपार्जित पाऊण एकर, त्यात गुलाब, झेंडू आणि निशिगंध. ते सगळं त्यांची बायको सविता बघायची. तोडणीच्या बायका सांभाळणं, फवारणी, क्रेट भरणं, सगळं तीच. माल फुलबाजारात न्यायला छोटा टेम्पो घेतला तेव्हा तो चालवायला झुंबरराव शिकणार होते. पण रिव्हर्स गिअर टाकला की त्यांना गरगरायचं. मग सविताच शिकली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. झुंबरराव शेजारी बसून ‘जाऊ दे, जाऊ दे’ असा हात हलवत. पुढे तेही बंद झालं, कारण त्यांच्या हाताकडे बघून ती एकदा विजेच्या खांबाला धडकली होती.

निवृत्तीनंतर ते जॉगिंग ट्रॅकवरच्या प्रभात मित्र मंडळात दाखल झाले. मंडळाचे अध्यक्ष सोमनाथअण्णा खैरनार हे निवृत्त मुख्याध्यापक. समोर दोन माणसं उभी राहिली की ते आपोआप भाषण करू लागत. मंडळात चालणं कमी आणि सत्कार जास्त. दर शनिवारी कुणाचा ना कुणाचा असायचाच. एकाचा साखर आटोक्यात आणल्याबद्दल झाला, एकाचा अमेरिकेला मुलाकडे जाऊन सुखरूप परत आल्याबद्दल झाला, एकाचा तर गुडघ्याची वाटी बदलूनही पहिल्याच आठवड्यात ट्रॅकवर आल्याबद्दल झाला. झुंबररावांची साखर मुळातच बरोबर. मुलगा नाही, एकच मुलगी, तीही पुण्यात. गुडघे ठणठणीत. सत्कार करावा असा एकही अवयव त्यांच्यापाशी नव्हता. तीन वर्षं ते दुसऱ्यांच्या शाली घडी घालून देत होते.

त्या दिवाळीला मुलगी, शुभांगी, घरी आली. शिकत असताना तिने एक भारीतला कॉम्प्युटर घेतला होता. नोकरी लागल्यावर कंपनीने लॅपटॉप दिला, आणि तो मोठा कॉम्प्युटर इथेच बाहेरच्या खोलीत पडून राहिला. झुंबरराव त्यावर पत्ते खेळत.

शुभांगी म्हणाली, “बाबा, एवढं ताकदवान मशीन आणि त्यावर तुम्ही पत्ते खेळताय. त्यापेक्षा याची रिकामी ताकद संशोधनाला द्या ना.”

“कुणाला?”

“शास्त्रज्ञांना. हे बघा, शरीरातली प्रथिनं असतात, ती घडी घालून एका ठरावीक आकारात बसतात. घडी चुकली की आजार होतात. ती कशी चुकते याचं गणित इतकं प्रचंड असतं की एका मशीनला जन्मभर पुरेल. म्हणून त्याचे लहान लहान तुकडे करून जगभरातल्या घरोघरच्या कॉम्प्युटरना पाठवतात. आपला कॉम्प्युटर रिकामा असला की एक तुकडा सोडवतो, उत्तर परत पाठवतो आणि पुढचा घेतो.”

“म्हणजे आवक आणि जावक,” झुंबरराव म्हणाले.

“तसंच काहीतरी.”

“आणि मी काय करायचं?”

“तुम्ही काहीच नाही. फक्त चालू ठेवायचा.”

असं काम झुंबरराव आयुष्यभर शोधत होते. ते खुर्चीत सरसावून बसले.

शुभांगीने अर्ध्या तासात सगळं बसवून दिलं. पडद्यावर रंगीत मण्यांची एक वेटोळी माळ हलायला लागली, आणि खाली एक पट्टी आली. त्यावर टक्के सरकत होते. नाव काय द्यायचं असं तिने विचारलं तेव्हा झुंबरराव म्हणाले, “पूर्ण लिही. झुंबर दगडू मौले. स्पेलिंग नीट बघ.”

भाऊबीज करून ती पुण्याला गेली. झुंबरराव पडद्यासमोर बसले. संशोधनाचा पहिला लाभ सविताला झाला: दिवसरात्र चालून कॉम्प्युटरची पेटी वरून कोमट राहायची, आणि नाशिकच्या थंडीत तिच्यावर ठेवलेलं दही चार तासांत लागायचं. झुंबररावांना हा विज्ञानाचा अपमान वाटला. पण दही कवडीदार लागत होतं, म्हणून ते गप्प राहिले.

आठवड्याभराने ते ट्रॅकवर सहज बोलावं तसं बोलून गेले, “मी सध्या प्रथिनांवर आहे.”

सोमनाथअण्णा म्हणाले, “का? भात बंद केला की काय डॉक्टरांनी?”

“खाण्याचं नाही. संशोधन. परदेशातल्या विद्यापीठाबरोबर.”

चालणारे थांबले. पळणाऱ्यांतलाही एक थांबला. अण्णांनी विचारलं, “तुम्ही? विद्यापीठाबरोबर?”

“रोज डेटा येतो. आपण सोडवून पाठवतो.”

यात खोटं एक अक्षर नव्हतं. ‘आपण’ म्हणजे कोण हे कुणी विचारलं नाही, आणि झुंबररावांनीही सांगितलं नाही. जगात नंबर कितवा, हेही त्या प्रोग्रॅममध्ये दिसत असे. त्यांचा होता चार लाख अठरा हजार तीनशे दोन. ते म्हणाले, “जगात आपला नंबर लागतो.” हेही खरंच होतं.

यानंतर झुंबररावांची चाल बदलली. ते मान जरा तिरकी ठेवून, समोरच्याच्या डोक्यावरून बघत बोलू लागले. द्वारका चौकाजवळच्या एका छापखान्यातून त्यांनी कार्ड छापून आणलं: ‘झुंबर दगडू मौले, संशोधक (आंतरराष्ट्रीय), प्रथिने विभाग’. विभागाशिवाय माणूस असू शकतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. बाहेरच्या खोलीच्या दारावर पाटी लागली: ‘संशोधन चालू आहे. चपला बाहेर काढाव्यात.’ सविता गुलाबाच्या काट्यांनी भरलेले हात घेऊन मळ्यातून आली की पाटी वाचायची, चपलांसकट आत जायची आणि दही बघून यायची.

“अगं, पाटी लावलीये ना!”

“मशीनला नाक आहे का?” ती विचारायची. “आणि हो, टेम्पोचा मागचा फाळका निखळलाय, तेवढा बसवून द्या.”

“मला उठता येणार नाही. शहाण्णव टक्के झालंय.”

“तुम्ही उठलात तर ते थांबतं का?”

थांबत नव्हतं. पण ते उठले नाहीत.

अखेर डिसेंबराच्या सुरुवातीला सत्काराचं जमलं. अण्णांनी द्वारकेच्या बाजूचा एक हॉल ठरवला. फ्लेक्ससाठी फोटो हवा होता. झुंबररावांनी चौकातल्या रक्त तपासणाऱ्याकडून पांढरा कोट मागून आणला. कोट लांडा होता, म्हणून फोटो छातीपर्यंतच काढला. फ्लेक्सवर मजकूर आला: ‘नाशिकचे भूषण, जागतिक शास्त्रज्ञ मा. झुंबररावजी मौले यांचा भव्य नागरी सत्कार’. खाली शुभेच्छुकांचे एकवीस चेहरे. सगळे झुंबररावांपेक्षा मोठे.

प्रमुख पाहुणे एक माजी नगरसेवक होते. त्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं आणि या कार्यक्रमाचं कारण त्यांना जिना चढता चढता कळलं होतं. ते बोलले, “झुंबररावांनी अहोरात्र जागून, रक्ताचं पाणी करून, कॅन्सरवर, कंपवातावर, विसरभोळेपणावर औषध शोधून काढलं! हा नाशिकचा माणूस! ही गोदाकाठची माती!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. झुंबररावांच्या मनात एक क्षण आलं की उठावं आणि सांगावं, औषध नाही हो, गणिताचा तुकडा. आणि तोही मी सोडवत नाही. तेवढ्यात खांद्यावर शाल आली. शाल ऊबदार होती. ते बसून राहिले.

सविता शेवटच्या रांगेत होती. हार तिच्याच मळ्यातल्या गुलाबांचे होते आणि मंडळाने ते घरचं कार्य म्हणून फुकटात मागून नेले होते. घरी जाताना टेम्पोत ती एवढंच म्हणाली, “अहो, कंपवातावर औषध सापडलं तुम्हाला? मला बोलला नाहीत.”

“पाहुणे आहेत. बोलण्याच्या ओघात जातं.”

“ओघात गेलं ते परत आणता येतं का?”

झुंबरराव खांद्यावरची शाल सारखी करू लागले.

फ्लेक्स द्वारकेच्या चौकात तसाच राहिला, कारण उतरवणं हे कुणाचंच काम नव्हतं. घोटीकडून येणाऱ्या एस.टी.तून कुसाबाई ठोंबरे तिथे उतरल्या. त्यांचे यजमान वाळूबा यांना दोन वर्षांपासून कंपवात होता. भाताची लावणी ज्या हातांनी झपाझप व्हायची ते हात आता ताटातला घास तोंडापर्यंत नेताना अर्धा सांडत. मोठ्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू होत्या. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला कुसाबाई एकट्याच येऊन त्या घेऊन जात. त्या दिवशी फ्लेक्सवरचा पांढरा कोट बघून त्या थांबल्या. वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी फळवाल्याला विचारलं. फळवाला सत्काराला गेला होता. त्याने भाषणासकट सांगितलं आणि घरचा पत्ताही दिला.

दुपारी कुसाबाई झुंबररावांच्या दारात उभ्या राहिल्या. हातात विकायला आणलेला पिशवीभर नवा तांदूळ आणि दवाखान्याचे कागद. चपला त्यांनी पाटी न वाचताच फाटकाबाहेर काढल्या होत्या.

“सायेब, कंपवाताचं औषध तुमच्याकडं निघालंय म्हनं.”

झुंबरराव पडद्यासमोर बसले होते. चौतीस वर्षं त्यांना कुणी साहेब म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, “बसा. काम चालू आहे.”

“कुठवर आलंय?”

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. मण्यांची माळ वळवळत होती. “हे प्रथिन. याच्या घडीत बिघाड झाला की हात कापतो. तोच बिघाड शोधतोय आपण.”

कुसाबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग हात जोडून म्हणाल्या, “आमच्या यांचंच हाय का हे?”

इथे झुंबररावांना नाही म्हणता आलं असतं. एक शब्द होता. पण त्या बाईंच्या चेहऱ्यावर जे होतं ते बायकोच्या, मुलीच्या किंवा साहेबांच्या चेहऱ्यावर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

“त्यांचंच म्हणा ना,” ते म्हणाले.

“आन् ही पट्टी?”

“झालेलं काम. त्रेसष्ट टक्के.”

“शंभर झालं की मिळंल औषध?”

“आता थोडेच दिवस,” झुंबरराव म्हणाले. सरकारी कचेरीत हे वाक्य त्यांनी हजारो माणसांना सांगितलं होतं. त्यातली बहुतेक परत आली नव्हती.

कुसाबाई परत आल्या. आठ दिवसांनी, पंधरा दिवसांनी. मधल्या दिवसांत शेजारच्या दुकानातून फोन करत. “सायेब, किती टक्के?” एकदा त्या समोर बसलेल्या असतानाच पट्टी शंभरावर पोचली. त्यांनी पदर सावरला. पट्टी गपकन शून्यावर आली आणि दुसरी माळ वळवळू लागली.

“परत शून्य?”

“पुढचा टप्पा,” झुंबरराव म्हणाले. “असे बरेच टप्पे असतात.”

“व्हय, व्हय. लय अवघड काम.” आणि त्यांनी पिशवीतून तांदूळ काढला.

तांदूळ सविताने दोनदा परत दिला. तिसऱ्यांदा कुसाबाईंना रडू फुटेल असं वाटलं, म्हणून ठेवून घेतला आणि बदल्यात त्यांच्या पिशवीत भाजी, गूळ, वाळूबांसाठी स्वेटर घातला. त्या गेल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, “काय सांगता त्यांना?”

“धीर देतो.”

“गोळ्या घेताहेत ना त्यांचे यजमान?”

“घेतच असतील.”

त्यांनी विचारलं नव्हतं. वाळूबांना गोळ्यांनी मळमळायचं. दोघांनी बसून विचार केला की सायबांचं औषध येतच आहे, मग ही पीडा कशाला? जानेवारीच्या सुरुवातीला गोळ्या बंद झाल्या. दवाखान्याची तारीखही चुकवली.

महिनाअखेरीची दुपार होती. झुंबरराव बाहेरच्या खोलीत अण्णांशी बोलत बसले होते. अण्णा थंडीत तिथे हमखास येत, कारण मशीनमुळे खोली शेकत असे. फाटकापाशी काळीपिवळी जीप थांबली. आतून दोन गाववाल्यांनी एक माणूस उचलून आणला. लाकडाचा ओंडका उचलावा तसा. हात वाकलेले, मान ताठ, डोळे उघडे आणि चेहरा हलत नव्हता. मागून कुसाबाई.

“सायेब, हे पार आखडलं. काल अंगनात पडलं ते उठंनात. घोटीचे डॉक्टर म्हनले मोठ्या दवाखान्यात न्या. म्या म्हनलं, तिकडं कशाला, आपल्या मशीनीवर न्या. बसवा यांना मशीनीवर.”

अण्णा उठून उभे राहिले. कधी नव्हे ते त्यांना भाषण सुचलं नाही.

झुंबरराव म्हणाले, “अहो बाई... असं नसतं ते. मशीनवर माणूस नसतो बसवायचा.”

“मंग? तुम्हीच म्हनला, त्यांचंच चाललंय.”

“तसं म्हणजे... सर्वसाधारणपणे. जगात.”

वाळूबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पुसायला त्यांचा हात उठत नव्हता. ते त्याच ताठ मानेने पडद्यावरच्या माळेकडे बघत होते, आणि पट्टीवर एकेचाळीस टक्के झाले होते.

तेवढ्यात सविता फुलबाजारातून टेम्पो घेऊन आली. तिने काही विचारलं नाही, आधी वाळूबांच्या कपाळाला हात लावला, मग कुसाबाईंच्या हातातले कागद घेतले.

“या गोळ्या शेवटच्या कधी घेतल्या?”

“संक्रांतीच्या आधी. सायबांचं औषध यायचं होतं ना...”

सविता वळली. नवऱ्याकडे तिने जसं पाहिलं तसं त्या घरात आजवर कीड लागलेल्या रोपाकडे पाहिलं जायचं.

“क्रेट उतरवा,” ती म्हणाली.

“मी?”

“नाही, प्रथिनं उतरवतील.”

झुंबररावांनी न खपलेल्या गुलाबांचे क्रेट उतरवले. चार क्रेटांत बोटांना सहा काटे लागले. टेम्पोत गादी टाकली, वाळूबांना निजवलं, कुसाबाई उशाशी बसल्या आणि झुंबररावांना सविताने पायाशी बसवलं, निखळलेला फाळका हाताने धरून ठेवायला. अण्णा ‘काही लागलं तर सांगा’ म्हणत ट्रॅकच्या दिशेने निघून गेले. चालण्याचा त्यांचा वेग त्या दिवशी मंडळाच्या इतिहासात सर्वांत जास्त होता.

दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत झुंबरराव उभे राहिले. त्यांच्या पुढे अठ्ठावीस माणसं होती. खिडकीतला कारकून शिक्का मारत होता, नंबर टाकत होता आणि कागद सरकवत होता. झुंबररावांना पहिल्यांदाच कळलं की खिडकीच्या या बाजूने ते काम किती हळू दिसतं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. वाळूबांना तपासून ती भडकली. “कंपवाताच्या गोळ्या अशा एकदम बंद करतात का? माणूस दगडासारखा आखडतो. अजून दोन दिवस गेले असते तर काय झालं असतं, माहितीये? कुणी सांगितलं बंद करायला?”

कुसाबाईंनी भाबडेपणाने झुंबररावांकडे बोट केलं. “सायबांनी नाय सांगितलं. पर त्यांच्या मशीनीत औषध निघत होतं, म्हनून आम्हीच...”

डॉक्टर झुंबररावांकडे वळली. “तुम्ही कोण?”

वरच्या खिशात कार्ड होतं. पारदर्शक सदऱ्यातून ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द बाहेरून वाचता येत होता. झुंबररावांनी खिशावर हात ठेवला.

“मी टेम्पोबरोबर आलोय,” ते म्हणाले.

सविताने ते ऐकलं, कुसाबाईंनीही ऐकलं.

वाळूबा सहा दिवस दवाखान्यात होते. गोळ्या परत चालू झाल्या, मळमळू नये म्हणून त्या कधी आणि कशाबरोबर घ्यायच्या ते डॉक्टरांनी समजावून सांगितलं. तिसऱ्या दिवशी मान वळली आणि पाचव्या दिवशी ते भिंतीला धरून उभे राहिले. सविता दोन वेळा डबा घेऊन जायची. झुंबरराव तिच्याबरोबर जात आणि बाहेरच्या बाकावर बसून राहत. सहाव्या दिवशी कुसाबाई स्वतःच त्यांच्यापाशी आल्या.

“सायेब, एक इचारू? तुमची मशीन खोटी हाय का?”

“नाही,” झुंबरराव म्हणाले. “मशीन खरी आहे. लाखो घरी अशी चालू आहेत. त्यातून कधीतरी काहीतरी निघेल. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी. कदाचित निघणारही नाही. मला त्यातलं काही कळत नाही. मी नुसता समोर बसतो.”

कुसाबाईंनी विचार केला. मग म्हणाल्या, “मंग मशीन चालू ठिवा. पर तुम्ही गप ऱ्हावा.”

झुंबररावांच्या अंगावर आलेली ही दुसरी शाल पहिलीपेक्षा जड होती.

घरी येऊन त्यांनी कॉम्प्युटरच बंद करून टाकला. दाराची पाटी काढली, कार्डांचा गठ्ठा माळ्यावर टाकला. सविताला संध्याकाळी दही लागलेलं दिसलं नाही तेव्हा कळलं. तिने शुभांगीला फोन लावला आणि सगळी हकीकत सांगितली. शुभांगीने आधी वाळूबा कसे आहेत ते विचारलं. मग म्हणाली, “आई, बाबांना सांग, मशीनवर राग काढू नका. ते खरंच उपयोगाचं काम आहे. शाल मागितली नव्हती त्याने.”

सविताने बटण दाबलं. माळ वळवळू लागली. तिने द्वारकेच्या चौकात जाऊन फ्लेक्सही उतरवून आणला. फ्लेक्स मजबूत होता. दवापासून वाचवायला गुलाबाच्या क्रेटांवर तो नेमका बसला. रोज सकाळी जागतिक शास्त्रज्ञ उताणे पडून, चारी कोपरे सुतळीने बांधलेले असे फुलबाजारात जाऊ लागले.

फेब्रुवारीच्या शेवटी विज्ञान दिनाला अण्णांनी एका शाळेत झुंबररावांचं व्याख्यान ठरवून टाकलं होतं. झुंबररावांनी नाही म्हणून पाहिलं. पण पत्रिका छापून झाल्या होत्या. मग त्यांनी ठरवलं की खरं काय ते सांगायचं आणि मोकळं व्हायचं. रात्रभर पाठ केलं. माइक हातात घेऊन ते म्हणाले:

“मुलांनो, मी शास्त्रज्ञ नाही. मी निवृत्त कारकून आहे. घरचा कॉम्प्युटर रिकामा होता, तो मुलीने या कामाला जोडून दिला. गणित तो सोडवतो. मी काही करत नाही. मी कुठलंही औषध शोधलेलं नाही. उलट माझ्या बढाईपायी एका माणसाच्या जिवावर बेतलं होतं.”

झुंबररावांना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. तेवढ्यात अण्णांनी त्यांच्या हातातला माइक घेतला.

“बघा! याला म्हणतात विनय! मुलांनो, जो खरा मोठा असतो तो स्वतःला कारकून म्हणवतो! जोरात टाळ्या!”

टाळ्या झाल्या. झुंबरराव माइककडे हात नेत होते. अण्णांनी तो हातच उंच धरला आणि फोटोवाल्याने फोटो काढला. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात आतल्या पानावर आलं: ‘मी तर साधा कारकून! विनम्र शास्त्रज्ञ मौले यांच्या उद्गारांनी विद्यार्थी भारावले.’ दोन शाळांची आणखी आमंत्रणं आली. खोटं बोलून एक शाल मिळाली होती, खरं बोलून तीन मिळणार होत्या. आणि टाळ्या वाजत होत्या तेव्हा झुंबररावांना बरं वाटलं नव्हतं असं म्हणवत नाही. जरासं वाटलं होतं. त्याची लाज घरी पोचेपर्यंत वाटली.

आमंत्रणं त्यांनी घेतली नाहीत. ट्रॅकवर जाणंही सोडलं. पण ते सुधारले आणि मळ्यात राबू लागले असं कुणी समजू नये. रिव्हर्स गिअरने त्यांना अजून गरगरतं. दिवसातून दोनदा ते जगातला आपला नंबर बघतात. तो आता चार लाखांच्या आत आला आहे आणि हे सांगायला कुणी नाही याचं त्यांना दुःख होतं.

एक काम मात्र त्यांच्या अंगावर पडलं. घोटीची एस.टी. येईपर्यंत दवाखान्याची रांग दारापर्यंत जाते, म्हणून महिन्याच्या तारखेला लवकर जाऊन वाळूबांच्या केसपेपरचा नंबर झुंबररावांनी लावायचा, असं कुसाबाईंनी फोनवर सांगून टाकलं. विचारलं नाही.

मार्चमधल्या तारखेला ते सहा वाजता रांगेत उभे होते. पुढे उभ्या असलेल्या माणसाने गप्पांत विचारलं, “काय करता आपण?” झुंबररावांची मान आपसूक तिरकी झाली. तोंड उघडलं. मग त्यांनी ते मिटलं आणि खिडकी उघडली का ते पाहिलं.

साडेनवाला वाळूबा आले. एका हाताने काठी, दुसऱ्या हाताने कुसाबाईंचा खांदा. पण चालत आले. हात हलत होता. तसाच तो त्यांनी झुंबररावांसमोर जोडला. कुसाबाईंनी कागद घेऊन नंबर दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतला.

“एकोनीस?” त्या म्हणाल्या. “मागल्या टायमाला सविताताई आल्या व्हत्या, तवा सातवा लागला व्हता. पुढल्या टायमाला जरा लवकर उठा, दादा.”